वाचून दाखवलेली साखर

मास्तरांचा जन्म शिंपीकामात गेला, पण साखर तपासायला बोटात सुई टोचायची म्हटलं की ते तोंड फिरवायचे. टोचायचं काम बायकोचं. मास्तरांची नजर अधू झालेली, त्यामुळे मीटरवरचा बारीक आकडाही तीच वाचून दाखवायची.

मधुमेह निघाला तेव्हा दवाखान्याने त्यांना एक सल्लागार ताई नेमून दिली होती. ती दर आठवड्याला फोन करून काय खाल्लं, चाललात का, तळपाय बघितलेत का, असं विचारायची. सुरुवातीला मास्तर नुसतं हूं हूं करायचे. मग आकडे उतरायला लागले आणि माणूसच बदलला. ते सकाळी फिरायला जाऊ लागले. दुकानात माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाची कंबर मोजता मोजता त्याला पथ्यावर व्याख्यान देऊ लागले. ताई इतर पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायची. इतकी चांगली साखर पाहून डॉक्टरांनीही औषध वाढवलं नाही.

अशात टाचेला झालेली जखम काही केल्या भरेना. रक्त तपासलं, तर गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर भलतीच चढलेली. मास्तर म्हणाले, लॅबवाल्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली असणार. ताईने त्यांना घरचा मीटर घेऊन बोलावलं.

नवरा-बायको दोघंही गेली. ताईने बटण दाबून मीटरमध्ये साठलेले जुने आकडे वाचायला सुरुवात केली. त्यातला एकही मास्तरांच्या ओळखीचा नव्हता. वाचता वाचता ती थांबली.

"मी कमी करून सांगत होते," बायको म्हणाली.

मास्तरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग ती खाली बघून बोलत राहिली. पहिल्यांदा आकडा जास्त आला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते, जेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने कमी सांगितला, तर चपला घालून फिरायला निघाले. त्यानंतर खरं सांगायला तिची जीभच रेटेना.

"तुमच्यासाठीच केलं हो."

"मी गावभर शहाणपण शिकवत होतो," मास्तर हळूच म्हणाले, "आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस."

त्या खोट्या आकड्यांच्या भरवशावर ताईनेच डॉक्टरांना सगळं छान चाललंय असं कळवलं होतं.

इन्सुलिन सुरू झालं. पाय वाचला, जखम भरायला मात्र फार वेळ लागला. ताईने मोठ्या आकड्यांचा मीटर मिळवून दिला. आता मास्तर खिडकीपाशी बसून, दात-ओठ आवळून स्वतःच बोट टोचतात, मीटर डोळ्यांजवळ धरतात आणि ताईला फोन लावतात.

परवा साखर चांगली उतरली होती. बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "किती आली?"

"ताईंना कळवलंय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मीटर शर्टाच्या खिशात टाकला.