चकत्यांचा पडदा

"माया ठेव पोरी. कमी पडलेलं कापड रडूनही वाढत नाही."

शिवणाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मास्तरांचा हा आवाज आत्याच्या कानात पंचेचाळीस वर्षं मुरला होता. माया म्हणजे शिवणीत दुमडायला सोडलेलं जास्तीचं कापड. त्या दुकानात तिनं हजारो कोट शिवले, प्रत्येकात बोटभर माया ठेवली, आणि गळ्याशी नावाची पट्टी लागली ती दुकानाची. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते आता, बासष्टाव्या वर्षी.

निमित्त भाचीचं. भाची मातीकाम शिकून आली आणि दोघा सोबत्यांबरोबर तिनं जुना छापखाना भाड्यानं घेतला. एका कोपऱ्यात काच फुंकणारा, त्याला सगळे फुंकरच म्हणत. दुसऱ्या कोपऱ्यात तारेची पाखरं वळणारी, दिवसाला चार शब्द बोलेल तर शपथ. मध्ये भाचीचं चाक आणि मागच्या पडवीत भट्टी. नव्या कारागीर-कलावंतांचं प्रदर्शन भरणार म्हटल्यावर भाचीच्या मनानं घेतलं, की मातीच्या पातळ पांढऱ्या चकत्या भाजायच्या आणि जाड सुती कापडावर शिवून माणसाच्या उंचीचा पडदा करायचा. शिवायला आत्या होतीच.

अर्ज भरताना भाचीनं विचारलं होतं, "आत्या, तुझंही नाव घालू?"

"माझं मेलीचं कशाला? मी आपली टाके घालणारी," आत्या म्हणाली, आणि भाचीनं ते खरं मानलं. घोड्यानं पेंड खाल्ली ती इथंच. जीभ सवयीनं बोलून मोकळी झाली आणि मन रुसून बसलं. तेव्हापासून ओठांशी आलेलं ती रोज चहाच्या घोटाबरोबर खाली ढकलत होती. प्रदर्शनात लावायच्या नावांच्या पाट्या छापायला जाण्याआधी सांगायला हवं होतं, पण एकदा नको म्हटलेलं मागायचं कोणत्या तोंडानं?

बाकी दिवस मजेत जात. खिडकीखाली बसून ती कापडावर खुणा करी आणि स्वतःशीच गुणगुणे:

सुई धाकुटी धाकुटी, हिंडे कापडाचं रान
दोरा राहिला नटून, सुई निघाली गुमान

"आत्या, हे कुणाचं?" फुंकर विचारी.

"कुणाचं असायचंय? तोंडात आलं ते माझं."

प्रदर्शनाला दोन दिवस उरले तेव्हा भट्टी उघडली. साठ चकत्या, एकीलाही तडा नाही, अंड्याच्या कवचासारख्या. आत्यानं पहिली ओळ खुणांवर मांडून पाहिली. सहा चकत्या बसायच्या तिथं पाचच बसल्या. सहावी कडेच्या बाहेर अर्धी लोंबकळत राहिली.

"माप तूच दिलंस ना गं?" भाची म्हणाली.

"दिलं की. माती भट्टीत आठात एक आक्रसते म्हणून तू रोज कानीकपाळी ओरडतेस. मी तेवढी माया धरूनच माप काढलं."

भाची मटकन स्टुलावर बसली. "अगं, मीही धरली. तुझ्या मापावर आणखी."

मग फुंकर म्हणाला, "दोन-दोन आयांनी भरवलं. लेकरं बाळसं धरणारच."

"तुझी काचेची भट्टी थंड पडलीय, तिकडे बघ जा," भाची म्हणाली. पण तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. नव्या चकत्या वाळायलाच चार दिवस लागले असते. ती तोंड धुवायला म्हणून पडवीत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

आत्या चकत्यांकडे बघत राहिली. आखूड पडलेलं तिनं जन्मभर जोडलं होतं. जास्त झालेलं तर सुखाचं दुखणं. तिनं सहावी चकती पाचवीच्या खांद्यावर टेकवली. मग पाचवी चौथीच्या. खालची ओळ आधी, तिच्या डोक्यावर वरची, कौलं चढवावीत तशी. टाका फक्त वरच्या भोकात, खालची कड मोकळी. भार वाढणार म्हणून कापडाला मागून अस्तर घातलं. पंख्याचा वारा लागला तशी चकत्यांची कुजबुज सुरू झाली.

भाची दारात थबकली. "आत्या, हे मी सांगितलेलं नाहीये."

"नाही. आवडलं नसेल तर उसवते."

"उसवायला हात तर लावून बघ," भाची म्हणाली आणि तिच्या मांडीला मांडी लावून सुईत दोरा ओवू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची चकती लागली. तारवाली उठून आली, पडद्याला एका बोटानं हलवलं आणि म्हणाली, "छान." तिच्या हिशेबी ते भाषणच होतं.

तेवढ्यात प्रदर्शनाच्या बाई यादी घेऊन आल्या. पाट्या संध्याकाळी छापायला जायच्या होत्या. पडद्यासमोर त्या जरा रेंगाळल्या, मग पेन उघडलं. "या कामाला कलाकार एकच ना?"

"मी आत्याला विचारलं होतं," भाची म्हणाली, "पण तिला असलं काही..."

आत्यानं दातात धरलेला दोरा तोडला. हात तिनं पदराला पुसले.

"थांबा हो बाई," ती म्हणाली. "तेव्हा मी नको म्हणाले ते खोटं होतं. माझंही नाव लिहा. मला हवंय ते."