अमारोकाकांचा झुला

मी एक जुना सुती झुला आहे, मित्रांनो. ब्राझीलमध्ये आमच्या कोरड्या मुलखात घरोघरी आम्हीच पलंग असतो. इरासी काकूंच्या सासूने मला हातमागावर विणलं. काकूंची पाचही लेकरं माझ्या कुशीत वाढली. दुपारी काकूंचे यजमान अमारोकाका माझ्यात घोरायचे, तेव्हा माझ्या दोऱ्या कुरकुरायच्या.

मग एका सकाळी काका उठलेच नाहीत. गावात शवपेटी मिळत नव्हती. लोकांनी मलाच बांबूला बांधलं आणि काकांना माझ्यातून नेलं. काकूंनी मला धुऊन कपड्यांच्या पेटीत ठेवलं. सहा वर्षं मी अंधारात होतो.

यंदा शहरातले अकरा विद्यार्थी शेतीची कामं शिकायला गावात राहायला आले. काकूंकडे जुसारा नावाची मुलगी आली. काका गेल्यावर काकूंनी एक लाकडी पलंग घेतला होता; तो एकच, म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं.

शेजारचा जोव्हेनाल दारातूनच म्हणाला, "काकू, काका गेले त्यात पाहुणीला झोपवता? कमाल आहे तुमची."

जुसारा माझ्यात बसली होती. ती दचकून उठली. नंतर भिंतीला टेकून जमिनीवरच झोपली. मला पेटीत परत जावंसं वाटलं.

चौथ्या दिवशी कसाव्याचे कंद उपटताना तिला साप चावला. ओढ्यावरचा पूल खचला होता, दवाखान्याची गाडी पलीकडेच थांबणार होती. "झुला आणा," काकू ओरडल्या. तोच बांबू, तीच गाठ. मी हादरलो. मला जिवंत माणूस वाहून न्यायची सवयच नव्हती.

पुढून जोव्हेनाल, मागून काकू. मुलगी जड होत चालली, हालेनाशी झाली. काकाही असेच जड लागले होते. वाटेवरच्या लोकांनी अंत्ययात्रा समजून टोप्या काढल्या, कुणी छातीवर क्रूसाची खूण केली.

तेवढ्यात माझ्या आतून बारीक आवाज आला, "टोप्या घाला हो. मी ऐकतेय सगळं."

जोव्हेनालचा पाय अडखळला. "बोलत राहा, पोरी," काकू म्हणाल्या. "शिव्या दे हवं तर." तिने ओढ्यापर्यंत जोव्हेनालला शिव्या दिल्या.

दवाखान्यात औषध वेळेवर मिळालं. आठ दिवसांनी सुजलेला पाय ओढत ती निरोपाला आली. मी दोरीवर वाळत होतो. तिने मला खुंट्यांना बांधलं आणि म्हणाली, "काकू, बसा ना."

"मी नाही बसत त्यात. हे गेल्यापासून नाही."

"मी बसले की. जिवंत आहे ना?"

काकू बसल्या. मग हळूच पाय वर घेतले. जुसाराने एका हाताने झोका दिला. काकू रडतील असं मला वाटलं होतं, पण थोड्याच वेळात त्या घोरू लागल्या.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू पेटीत कोंडू नका. त्यांना ऊन दाखवा, वापरा. आम्हाला ओझ्याची भीती नसते. रिकामं राहवत नाही.