दिव्याखाली उजळलेला बिल्ला

मी एक जुना कापडी बिल्ला आहे. मित्रांनो, युद्धातले बिल्ले आपली कहाणी छाती पुढे काढून सांगतात. मी मात्र खाली मान घालून सांगणार आहे. तेवढे सांभाळून घ्या.

युद्धाच्या दिवसांत, एका शिवण कारखान्याच्या लांबलचक खोलीत माझा जन्म झाला. हिरवट लोकरी कापडाचा तळहाताएवढा तुकडा आणि त्यावर पांढऱ्या सुती धाग्याने भरलेले दोन हात, एवढाच माझा थाट. जखमींना उचलून आणणाऱ्या तुकडीचे ते चिन्ह होते. शेजारच्या ढिगात वाघ होते, तलवारी होत्या. त्यांच्यापुढे मला उगीचच ओशाळल्यासारखे व्हायचे. मला भरणारी बाई मात्र सगळ्यांना सारख्याच घाईने भरायची. बोटाला सुई टोचली की ती बोट तोंडात धरायची आणि पुढचा बिल्ला ओढायची.

मी एका तरुण सैनिकाच्या वाट्याला आलो. त्याने मला स्वतःच बाहीवर शिवले, तेही वाकडे. मग आमचे काम सुरू झाले. स्ट्रेचर उचलायचे, चिखल तुडवायचा, माणूस तंबूपर्यंत पोचवायचा आणि पुन्हा मागे फिरायचे. कळवळणारा माणूस हाताला येईल ते घट्ट धरतो. बहुतेक वेळा त्यांच्या हाताला मीच लागायचो. त्यांचा घाम, चिखल आणि रक्त माझ्या अंगात मुरत गेले.

युद्ध संपले. माझ्या सैनिकाने मला बाहीवरून उसवले आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिले. पुढे तो कुलपे दुरुस्त करू लागला. त्याचे लग्न झाले, लेक झाली, डोक्यावरचे केस गेले. युद्धाबद्दल कोणी छेडले तर म्हणायचा, "मी जखमींना उचलायचो." बस्स, तेवढेच. संध्याकाळी बागेतल्या बाकावर म्हातारी मित्रमंडळी जमायची. तिथे सगळे त्याला 'कॅप्टन' म्हणायचे. तो कधीच कॅप्टन नव्हता, पण ऐकताना गालातल्या गालात हसायचा.

एकदा वाचनालयाच्या सभागृहात युद्धकाळातल्या वस्तूंचे प्रदर्शन भरणार होते. त्याच्या लेकीने हट्टच धरला.

"कशाला उगीच? पडलंय ते पडू दे," तो म्हणाला.

"असं कसं, बाबा? तुम्ही काय केलंत ते लोकांना कळू दे की!"

शेवटी त्याने मला डब्यातून काढून दिले. लेकीने मला नाकाशी नेले आणि तोंड वाकडे केले. "शी! हे असलं कळकट चारचौघांत न्यायचं?" तिने मला धुण्याच्या पावडरीत भिजवले, हलक्या हाताने चोळले, वाळवले आणि इस्त्री केली. तिने हे मायेनेच केले. आणि खरे सांगू? मलाही आवडले. माझे ते दोन हात इतके पांढरेशुभ्र कधीच दिसले नव्हते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

सभागृहात वस्तूंची पारख करायला एक गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. नकली बिल्ले विकून भल्याभल्यांना टोप्या घातल्या जातात, म्हणून ते फार कडक. त्यांनी भिंगातून माझी कड पाहिली, उलटा करून मागचे टाके पाहिले. मग खिडकीचा पडदा ओढला आणि निळसर उजेडाचा दिवा माझ्यावर धरला. जुना सुती धागा त्या उजेडात काळोखातच राहतो. नंतरच्या काळातला नकली धागा मात्र चमकतो.

मी चमकलो. अगदी लख्ख. रांगेतले लोक "अरे!" म्हणाले, आणि मला मूर्खाला वाटले की माझे कौतुकच चालले आहे.

"ताई, हा युद्धातला नाही. नक्कल आहे," भिंगवाले म्हणाले.

लेकीने वळून पाहिले. दाराजवळच्या खुर्चीत तिचे बाबा बसले होते. त्या वेळची तिची नजर आठवली की मी शरमेने पाणी पाणी होतो. तो हळूच उठला आणि म्हणाला, "चल, घरी जाऊ."

बाकावर बातमी त्याच्या आधी पोचली होती. "काय कॅप्टन, कुठल्या दुकानात मिळतो बिल्ला? नातवाला घ्यायचाय!" सगळे हसले. तोही हसला, पण दुसऱ्या दिवसापासून त्याने बागेत जाणे सोडले. लेकीच्या ओठांवर एक प्रश्न सारखा यायचा आणि ती तो गिळायची. उत्तर काय मिळेल याचीच तिला भीती वाटायची. मी टेबलावर पडून हे सगळे पाहत होतो. मला तोंड असते तर ओरडून सांगितले असते.

प्रदर्शन उठल्यावर एक दिवस भिंगवाले घरी आले. सामान आवरताना त्या दिव्याचा उजेड त्यांच्या स्वतःच्या नुकत्याच धुतलेल्या बाहीवर पडला होता. बाही लख्ख चमकली होती.

"ताई, आणण्याआधी बिल्ला धुतला होता का?" दारातूनच त्यांनी विचारले.

"हो. पावडरीत भिजवून. का हो?"

ते आत येऊन बसले. "मग चमकली ती पावडर! कपडे पांढरे दिसावेत म्हणून तिच्यात जे घालतात ना, ते धाग्यात उतरतं. मागचे टाके जुने, कापड जुनं, सगळं डोळ्यांनी बघितलं होतं मी. तरी दिव्याचं ऐकलं. धुतलाय का, एवढं विचारायला माझी जीभ झडली होती का?"

लेकीला रडू फुटले. "बाबा, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

तो एक कुलूप उघडून बसला होता. वर न बघताच म्हणाला, "सगळे त्या बिल्ल्याला विचारत होते, बाळ. मला कुणी विचारलंच नाही."

मग भिंगवाले चाचरत म्हणाले, "मी सगळ्यांसमोर माफी मागतो. बिल्लाही काचेच्या कपाटात मानाने ठेवू."

"बाकावर येऊन सांगा म्हणजे झालं. कपाटाचं राहू दे."

लेकीने डोळे पुसले, स्टूल ओढले आणि त्याच्याजवळ बसली. "बाबा, तुम्ही उचलायचात तेव्हा ती माणसं काय बोलायची?"

त्याने कुलूप खाली ठेवले. "पाणी मागायची," तो म्हणाला. "पाणी, आणि आई." मग तो बोलतच राहिला. चहा निवून गेला तरी बोलत राहिला.

मी शेजारीच होतो, स्वच्छ, इस्त्री केलेला. ज्यांनी मला घट्ट धरले होते, त्यांची एकही खूण आता माझ्या अंगावर नव्हती. त्या सगळ्या त्याच्याजवळ होत्या, आणि लोकांनी मात्र साक्ष माझी काढली.

मित्रांनो, जुन्या कापडाला पावडर लावू नका, हे तर मी सांगेनच. पण ज्याची ती वस्तू, ते माणूस तिथेच, दाराजवळच्या खुर्चीत बसलेले असते. आधी त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा. दिवा काय, नंतरही लावता येईल.