वाजवून घेतलेलं लोखंड

मी बोलतोय तो शाळेच्या व्हरांड्यातून. पोरं मला घंटा म्हणतात. म्हणोत बापडी! पण घंटा मी अलीकडचा. जन्माने मी ट्रकचा पाटा. चाकाच्या वर कमानीसारखे एकावर एक पाटे रचलेले असतात ना, त्यातलाच एक.

चंद्रपूरच्या कोळशाच्या गाडीखाली माझी उमर गेली. वर ढिगाने कोळसा, खाली खड्डे. मी दबायचो आणि परत उसळायचो. माझ्या पोटात मधोमध एक भोक आहे, त्यात बोल्ट घालून मला धरलेलं असायचं. आमच्यासारख्या कडक लोखंडाला असंच धरायचं असतं. वेल्डिंगची आग आम्हाला सोसत नाही. पण लोखंडाला विचारतो कोण?

ट्रक भंगारात गेला आणि मी अहेरीच्या गुणवंतराव कबाड्याच्या अंगणात येऊन पडलो. तिथे एक दिवस प्रफुल आणि त्याची बायको नूतन आले. प्रफुल जीपने आजूबाजूच्या गावांना सवाऱ्या न्यायचा. काही दिवसांपूर्वी जंगलाच्या रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं, जीपचं तोंड आत गेलं, रेडिएटर फुटला. नवरा-बायको लहानग्या लेकीला, रिनाला, मांडीवर घेऊन वाघाच्या रानात मदतीची वाट बघत बसले होते. तेव्हापासून नूतनने एकच धोशा लावला होता, की जीपला पक्का बंपर पाहिजे. विकतचा नको, त्याचा पत्रा पापडासारखा असतो.

सोबत तिचा भाऊ मिथुन होता. तो ट्रॅक्टर चालवायचा आणि घरी वेल्डिंगची मशीनही ठेवून होता. बंपर तोच बनवणार होता.

गुणवंतरावांनी आधी चॅनल, म्हणजे पन्हळीसारखी साध्या लोखंडाची पट्टी, दाखवला. नूतनने दगड उचलून त्यावर मारला. थप्प वाजला. हे कच्चं आहे म्हणून तिने तो बाजूला सारला. मग तिने मला वाजवलं आणि मी खणखणलो. आठवडी बाजारात मडकं जसं बोटाने वाजवून घेतात, तशी ही बाई लोखंड घेत होती! मला गंमत वाटली. छातीही फुगली, का खोटं बोलू? इतक्या वर्षांत माझा आवाज कोणी ऐकलाच नव्हता.

गुणवंतराव म्हणाले, "बाई, हा पाट्याचा माल हाय. बोल्टानं कस, वेल्डिंग नको मारू." पण त्यांच्याकडे चॅनलचा ढीग पडून होता. म्हातारा आपला माल खपवतोय असं मिथुनला वाटलं, आणि तिघं हसत हसत मला घेऊन गेले.

अरे बाबांनो, जे खणखणतं ते कडक असतं, पण कडक म्हणजे मजबूत नव्हे. तो चॅनल ठोकर लागली असती तर वाकला असता, ओढला असता तर ताणला असता. दिसायला वाईट दिसला असता, एवढंच.

मिथुनने मला जीपच्या तोंडाला वेल्डिंग करून चिकटवलं आणि उजव्या टोकाला ओढायचा हूक लावला. बाजाराचा दिवस होता, सवाऱ्या खोळंबल्या होत्या, म्हणून त्याने लालभडक सांध्यावर बादलीभर पाणी ओतलं. माझ्या आत टिक् असा आवाज झाला. लोखंड निवतंय, असं तो म्हणाला. मला कळलं होतं की मी केसाएवढा चिरलो आहे.

नूतनने मला पुन्हा दगडाने वाजवलं आणि तिचा चेहरा उतरला. "काऊन बद्द वाजून राह्यला हा?" ती म्हणाली. "चिरलेलं मडकं असं वाजते."

प्रफुल हसला. आता तो गाडीला जोडलाय, तोंड दाबलेला माणूस बोंबलेल कसा, म्हणाला. मिथुनही हसला, आणि मग तीही ओशाळून हसली. माझ्यावर निळा रंग मारला गेला.

काही महिने बरे गेले. एक डुक्कर धडकलं, ते मेलं, मला काही झालं नाही. प्रफुल गावोगाव माझी बढाई मारायचा.

मग धान निघालं. मिथुनचा ट्रॅक्टर पोत्यांसकट नाल्याच्या चिखलात रुतला. बहीण आणि भाऊजी जीप घेऊन आले. प्रफुलने ट्रॅक्टरसमोर तोंडाला तोंड करून जीप लावली आणि नायलॉनचा जाड दोर आणला. नूतन काठावरून म्हणाली, "हुकाले नका बांधू. खालून गाडीच्या सांगाड्याले, चेसीले बांधा."

"मंग हूक काय शोभेले लावला, ताई?" मिथुन ट्रॅक्टरवरून म्हणाला. ती काठावर मागे सरली. भाऊच तो, त्याच्याच हातचं काम.

प्रफुलने जीप मागे घेतली. दोर ताणला, ट्रॅक्टर हलला नाही. "झटका द्या, भाऊजी," मिथुन ओरडला. प्रफुलने थोडं पुढे येऊन जीप जोरात मागे घेतली, आणि मी त्याच सांध्यापाशी काडकन तुटलो. ताणलेल्या दोराने माझं टोक हुकासकट ट्रॅक्टरकडे फेकलं. मिथुन स्टिअरिंग धरून सरळ माझ्याकडेच बघत होता. ते टोक त्याच्या छातीवर बसलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

माझं ते टोक पोलीस घेऊन गेले. प्रफुलने जीप विकली, पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही. उरलेला मी परत कबाड्याकडे. त्याने कटरने माझ्यावरचे सांधे छाटून मधला तुकडा ठेवला. शाळेला घंटा पाहिजे होती, गुरुजी तो घेऊन आले. पोटातल्या भोकात बोल्ट घालून त्यांनी मला टांगलं.

नूतन आता याच शाळेत पोरांची खिचडी रांधते. पहिल्या दिवशी मी वाजलो तेव्हा ती पळी हातात घेऊनच बाहेर आली. माझ्या भोकाशी बोट नेलं. तिथे अजून निळा रंग आहे. मग तिने पळीने मला एकदा मारलं आणि आवाज विरेपर्यंत उभी राहिली.

"आता चांगला वाजते," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने चूल फुंकली.

तेव्हापासून मी वाजलो की आत तिच्या पळीचा आवाज बंद पडतो. रोज. गुरुजी, मला उतरवा हो. कुठे पायरीखाली पुरा, दाराला टेकू म्हणून लावा. पोरांना थाळी वाजवून बोलवा, ती येतील.