कुंकवाखालची जखम

मित्रांनो, मी एक जुनी लेसर मशीन आहे. धुळ्यातल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात, कोपऱ्यात, फुलाफुलांच्या चादरीखाली उभी असते. पुष्कळ जण मला शिलाई मशीन समजतात. समजू देत बापडे!

मी आले तेव्हा केवढा थाट होता! नारळ फुटला, पेढे वाटले. चामखीळ असो की मस, मी बारीकशा किरणाने जाळून काढायची आणि माणसं आरशात बघून हसायची. दर दसऱ्याला मला हार आणि कुंकवाचं बोट लागायचं. पुढे केस काढणारी नवी चकचकीत मशीन आली. हार तिकडे गेला, मला चादर मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एकदा शिंदखेड्याकडच्या भिकुबाई आल्या. सोबत त्यांचे यजमान, पुनाआबा. भिकुबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. डॉक्टर प्राचीताईंनी ते पुसलं, तर खाली न भरणारी जखम. दोन वर्षं त्या तिच्यावरच कुंकू लावत होत्या. जखमेचा बारीकसा तुकडा काढून तपासला, त्वचेचा कर्करोग निघाला. अजून वरवरचाच होता, पण तसाच सोडला असता तर खोल गेला असता.

कापून काढणं हा नेहमीचा उपाय. भिकुबाई काही केल्या त्याला तयार होईनात. म्हणून ताईंनी दुसरा मार्ग ठरवला. आधी मी रोगट थर जाळायचा, मग घरी तिथे मलम लावायचं. हे मलम शरीरातल्याच राखणदार पेशींना हाका मारून त्या जागी जमवतं आणि उरलासुरला रोग ते हुडकून काढतात. नांगरणीनंतर शेतातली हराळी वेचतात ना, तसं. अट एकच होती, बरं होईपर्यंत कपाळाला कुंकू लावायचं नाही.

भिकुबाई उठूनच उभ्या राहिल्या. "मन्हा धनी जित्ता शे. कपाय उघडं ठेवू कशी? लोके काय म्हनतीन?"

ताई समजावून थकल्या. तेव्हा आबांनी भिकुबाईंच्या पिशवीतला करंडा काढला आणि भर दवाखान्यात स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं.

"तुन्हं कपाय बरं व्हत नही तवलोंग तुन्हं कुंकू मी लावसू. कोनी इचारं तर मन्हाकडे धाड."

भिकुबाई हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. पण खुर्चीत बसल्या. चादर निघाली, मी माझं काम केलं.

पुढे मलमाने कपाळ लालभडक झालं, खपल्या धरल्या. भिकुबाई घाबरल्या, मलम बंद करायला निघाल्या. ताई म्हणाल्या, "अक्का, राखणदार कामाला लागलेत, त्याची ही खूण आहे. फार आग झाली तर मला विचारा, पण मनाने सोडू नका." आबा सोनगीरला एका लग्नातही तसेच कुंकू लावून गेले. लोक हसले. आबांनी हसू दिलं.

काही महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासला. रोग नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भिकुबाई तपासणीला आल्या. कपाळावर फिकट वण आणि ताईंच्या परवानगीने लावलेलं, वणाच्या खाली इवलंसं कुंकू. आबांचं कपाळ आता मोकळं होतं. नव्या मशीनला हार घातलेला होता. भिकुबाईंनी माझी चादर सरकवली. "हिले इसरनात का?" ताईंना म्हणाल्या आणि करंड्यातलं बोटभर कुंकू मला लावलं. इतक्या वर्षांनी!

मित्रांनो, मला परत चादरीखाली ठेवलं तरी माझी तक्रार नाही. पण घरात कुणाची जखम बरेच दिवस भरत नसेल, तर ती झाकू देऊ नका. त्यांचा हात धरून डॉक्टरांकडे न्या. आणि लोक काय म्हणतील या भीतीने ते अडून बसले, तर लोकांना उत्तर द्यायला तुम्ही पुढे व्हा.