पालथं ताट

निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि बायकोने जाहीर केलं, की उद्यापासून ती वेगळी जेवणार. हे तिने न चिडता सांगितलं, म्हणून तो जास्त घाबरला. चिडून बोललेलं संध्याकाळपर्यंत निवळायचं. शांतपणे बोललेलं ती अमलात आणायची.

गुन्हा साधा होता. तो चार मिनिटांत जेवायचा. ती तिसऱ्या घासाला पोचेपर्यंत हा हात धुऊन टॉवेल शोधत असे. अग्निशमन दलात चौतीस वर्षं काढलेला माणूस, घंटा कधी वाजेल याचा नेम नाही, म्हणून नोकरी होती तोवर तिने चालवून घेतलं. आता घंटा नव्हती, घाई तेवढी शिल्लक होती.

"बावीस वर्षं मी तुमच्या रिकाम्या ताटासमोर जेवतेय," ती म्हणाली. "त्यापेक्षा समोर पुस्तक ठेवलेलं बरं. निदान मी पान उलटेपर्यंत ते थांबतं."

चौतीस नाही, बावीस. तिचं गणित पक्कं होतं आणि आकडा बरोबर होता, म्हणून त्याने तो विषय वाढवला नाही.

बाकीच्या खोडी घराने पचवल्या होत्या. बुटांची तोंडं कायम दाराकडे. कोणत्याही समारंभात तो आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजायचा आणि मग यजमानांची चौकशी करायचा. बंद दार उघडण्याआधी त्यावर हाताची मागची बाजू टेकवून धग बघायचा; एकदा आत सासूबाई अंघोळ करत होत्या, आणि तो किस्सा बायकोच्या माहेरी अजून वेगळ्या रंगात सांगितला जातो.

पण वेगळं जेवणं त्याला झेपलं नाही. पहिल्या दिवशी एकट्याने तीन मिनिटांत आटोपलं आणि मग बराच वेळ तो टेबलाच्या लाकडातल्या रेघा बघत बसला. केंद्रावर चौदा माणसं एका लांब टेबलाशी जेवायची. खिडकीजवळच्या खुर्चीवरून रोज तेच भांडण, पत्र्याच्या ताटांचा तोच खणखणाट. आणि जिराफ. उंचीमुळे पडलेलं नाव. इतकं रुळलेलं, की त्याच्या रजेच्या अर्जावरही एकदा चुकून तेच लिहिलं गेलं आणि रजा मंजूर झाली. जिराफ सगळ्यांत सावकाश जेवायचा, कारण जेवताना तो गोष्टी सांगायचा. घंटा वाजली की ताटही अर्धं आणि गोष्टही अर्धी.

लेकीने फोनवर उपाय सुचवला. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ वीस मिनिटांवर लावायचं आणि ते वाजेपर्यंत ताट रिकामं करायचं नाही. बायकोने एका जेवणाची मुदत दिली. रविवार, दुपार. जमलं तर एकत्र, नाही तर पुस्तक. नंतर कुरकुर चालणार नाही, हेही तिने आधीच बजावलं.

रविवारी तो परीक्षेला बसल्यासारखा बसला. प्रत्येक घासानंतर चमचा खाली. वरच्या मजल्यावरच्या पियानोबद्दल ती बोलत होती आणि तो चक्क ऐकत होता. बारा मिनिटं झाली, पंधरा झाली. ताट अजून अर्धं. तिने एकदा कौतुकाने बघितलंही.

मग घड्याळ वाजलं.

तो भानावर आला तेव्हा रस्त्यावर होता. पायांत बूट, खांद्यावर टॉवेल, आणि नजर गाडी शोधत होती. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईने त्याच्याकडे पाहिलं. कुत्र्याने पाहायचं टाळलं. तीन मजले उतरायला काही सेकंद लागले होते. चढताना गुडघ्यांनी प्रत्येक पायरीचा जाब विचारला.

तो दारातच थबकला. टेबलावर त्याच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं.

"माशी बसेल म्हणून झाकलं," बायको म्हणाली. "असे काय उभे राहिलात?"

तो खुर्चीत बसला, पण ताटाला हात लावेना. आणि मग बावीस वर्षांत जे बोलला नव्हता ते त्याने सांगितलं. केंद्रावर घंटा वाजली की ज्याने त्याने आपल्या ताटावर दुसरं ताट पालथं घालायचं आणि पळायचं. परत आल्यावर ज्याचं त्याने उचलायचं. दुसऱ्याच्या ताटाला कोणी हात लावायचा नाही, स्वयंपाक्यानेही नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो पाळला जायचा. नोकरीच्या बाराव्या वर्षी लाकडाच्या वखारीला आग लागली. दुपारच्या जेवणातून चौदा जण उठले, तेरा परत आले. तेरा ताटं उघडली गेली. एक तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकी म्हणाला, साहेब, वास यायला लागलाय. तेव्हा ते यानेच उचललं.

"आत अर्धा भात होता. आणि कडेला बटाटे. त्याला आवडायचे, म्हणून शेवटी खायला वेगळे काढून ठेवलेले."

त्या दिवशी त्याने ठरवलं, की आपलं ताट मागे राहता कामा नये. चार मिनिटं तेव्हापासूनची.

"त्याच साली तुम्हाला बढती मिळाली होती," बायको म्हणाली. "मला वाटायचं, साहेब झाल्यामुळे माझ्यासोबत बसायला वेळ नाही."

"मी सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं." तिने पालथ्या ताटाकडे बोट दाखवलं. "तुम्ही आलात ना परत? मग उचला."

त्याने उचललं. भात गार झाला होता. तिने गरम करून देऊ का विचारलं, तो नको म्हणाला. गार भात खाता खाता त्याने तिला जिराफाची त्या दुपारची गोष्ट सांगायला घेतली: एका माणसाने नवं कपाट घेतलं, घरी आणलं, आणि ते जिन्यात असं अडकलं की बायको वर आणि तो खाली.

"मग काढलं कसं?"

"घंटा वाजली," तो म्हणाला.

ती खुदकन हसली, मग तिने डोळे पुसले, मग उरलेलं जेवण संपवून हात धुतले आणि टॉवेल शोधू लागली. टॉवेल त्याच्या खांद्यावर होता. त्याने मान वर न करता तो पुढे केला. त्याचे अजून बटाटे खायचे राहिले होते.