रॅम्पच्या टोकाचं दार

"बसायचं फक्त. ढकलायला माणूस आहे," अधीक्षक म्हणाले. "दोन फोटो काढले, की झालं."

केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईंनी समोरच्या चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची कोरी होती, हातांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"मी खुर्ची वापरत नाही, साहेब. मी चालते."

"माहीत आहे हो. पण वरून तपासणीला माणसं आलीत. रॅम्पवर कुणीतरी दिसायला नको? आणि आपल्या स्टाफमध्ये तुमच्यासारखं दुसरं आहे कोण?"

तुमच्यासारखं. सव्वीस वर्षं बाई हे ऐकत होत्या. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला. त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि काखेत कुबडी. रुग्णालयाच्या मोठ्या दारापर्यंत चौदा दगडी पायऱ्या होत्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आठवा महिना लागला तरी त्या रोज त्या पायऱ्या चढत होत्या. तेव्हा रॅम्पसाठी त्यांनी तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर आलं नाही. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन गेली, आणि मग निधी मंजूर झाला.

रॅम्प बाजूच्या भिंतीला लागून बांधला. त्यात स्टाफची गाड्या लावायची जागा गेली, त्याचा राग सगळ्यांनी बाईंवर काढला. "तुमच्यामुळं गाडी उन्हात तापते," लॅबवाला रोज येता-जाता ऐकवायचा. बाई मात्र अजून पायऱ्याच चढत होत्या, कारण रॅम्प जिथं संपायचा त्या दाराला कायम कुलूप. मागच्याच आठवड्यात एक सून सासऱ्यांना खुर्चीतून वर घेऊन गेली, पाऊण तास दार वाजवत राहिली आणि खाली आली. मग खिडकीशी येऊन तिनं बाईंना वाट्टेल ते ऐकवलं. बाईंनी ऐकून घेतलं. बोलणार तरी कुणाला ती? दुसऱ्या कुठल्या खिडकीत माणूसच नव्हतं.

"बसते," बाई म्हणाल्या.

वॉर्डबॉयनं खुर्ची वर नेली. मागून अधीक्षक, तपासणीला आलेले दोघं आणि फोटोग्राफर. फोटो निघाले. वॉर्डबॉय खुर्ची वळवायला लागला, तशी बाईंनी दोन्ही चाकं हातांनी घट्ट धरली.

"दार उघडा."

"अहो, झालं आता. उठा," अधीक्षक खालच्या आवाजात म्हणाले.

"रॅम्प आत जायलाच केलाय ना? माझी खिडकी आत आहे."

"किल्ली शोधावी लागेल."

"शोधा. मी बसलेय."

तपासणीच्या मॅडमनी वही उघडली. "उघडून घ्याच," त्या म्हणाल्या.

किल्ली रखवालदाराकडे नव्हती, स्टोअरमध्ये नव्हती. इकडे केसपेपरची खिडकी बंद, रांग फाटकापर्यंत गेलेली. रांगेतली माणसं रॅम्पखाली जमली.

"माझं पोर तापानं फणफणलंय, आणि ही बाई तमाशा करतेय," एकजण ओरडला.

"पगार कशाचा घेतात कोण जाणे," दुसरी म्हणाली.

बाईंना त्या पोराचं खरंच वाईट वाटलं. क्षणभर वाटलं, उठावं. पण चाकांवरचे हात त्यांनी काढले नाहीत.

पन्नास मिनिटांनी हातोडीनं कुलूप तोडलं. दार वीतभर उघडलं आणि अडलं. आत मोडक्या खाटा आणि फाटक्या गाद्या, छतापर्यंत रचलेल्या. मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. खाटा ओढून वाट झाल्यावर बाई खुर्चीतून आत गेल्या, मग उठल्या, कुबडी घेतली आणि जाऊन खिडकी उघडली. आधी त्यांनी तापाच्या पोराचा कागद मागितला.

"मिळाली का सवड?" पोराचा बाप म्हणाला.

चौथ्या दिवशी दोन कागद निघाले. एक दारावर लागला: हे दार बाह्यरुग्ण वेळेत उघडं राहील. दुसरा बाईंच्या हातात पडला: प्रशासकीय सोयीसाठी बदली, जुन्या नोंदींचं दफ्तर, दुसरा मजला. लिफ्ट चार वर्षं बंद होती.

घरी नवऱ्यानं कागद दोनदा वाचला. "तुला बसायला सांगितलं होतं, ठाण मांडायला नव्हे," तो म्हणाला. मग चष्मा लावून त्यानं बुटाच्या गुडघ्याच्या बिजागरीत मशीनचं तेल सोडलं, पट्टा एक भोक पुढं घेतला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मधे दम खात जा."

सोमवारी पहिल्या मजल्यापर्यंत बाईंनी तीनदा दम खाल्ला. पुढच्या वळणावर वरून अधीक्षक उतरत होते, कठड्याच्या कडेनं. ते थांबले. बाईही थांबल्या. मागं दोन नर्सबाई ताटकळल्या.

"कठड्याची बाजू लागते मला," बाई म्हणाल्या.

अधीक्षकांनी घड्याळात पाहिलं, आणि भिंतीकडे सरकले. बाईंनी उजव्या हातानं कठडा धरला, चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवला आणि दुसरा मागून ओढून घेतला.